बोर्डरूम न पाहता कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी शिकवता येईल का?

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम,
मी कोरपना तालुक्यातल्या एका गावातली. वय २७. बाबांचं पाच एकर वावर आहे, कपाशी आणि तूर. भाऊ सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. मी चंद्रपूरला एमबीए केलं आणि आता तालुक्याच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या मुलांना तासिका तत्त्वावर शिकवते. मला व्यवस्थापनाची प्राध्यापक व्हायचंय, आणि विषय कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीच घ्यायचाय. आमचे प्राचार्य म्हणतात, ओळखीच्या एका गाईडकडे जागा रिकामी आहे, शिकवता शिकवता पीएचडी करून टाक. मैत्रीण म्हणते, आयआयएमला पूर्णवेळ कर. बाबा म्हणतात, "पाच वर्सं शिकतच राहशीन तं लगन कवा करशीन? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भर."
खरं सांगू? मी आजवर एकाही कंपनीची बोर्डरूम, म्हणजे संचालकांच्या बैठकीची खोली, पाहिलेली नाही. सिमेंट कंपनीच्या गेटच्या आतसुद्धा एकदाच गेले, कॉलेजच्या सहलीत. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडतं. अशा मुलीनं कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी शिकवायला निघणं हसण्यासारखं नाही का?

उत्तर

प्राचार्यांनी सांगितलेली ती रिकामी जागा घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा जागेचा फॉर्म लोक "बघू पुढं" म्हणत भरतात आणि मग सहा वर्षं त्याच्या मागे धावतात. का घेऊ नकोस ते खाली येईलच. पण त्याआधी तुझ्या बोर्डरूमचं बघू. तुझी खरी अडचण ती आहे, बाकीचे प्रश्न तिच्या पोटातले.

कंपनीने कोणत्या धंद्यात असावं आणि कोणत्या नसावं, याचा हा विषय. त्यातली मोठी माणसं आली कुठून? आल्फ्रेड चँडलर हा इतिहासकार. त्यानं ड्यूपॉन्ट, जनरल मोटर्स, न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल आणि सिअर्स या चार कंपन्यांचे जुने कागद उकरले आणि १९६२ साली दाखवून दिलं, की कंपनी नव्या धंद्यात शिरली की तिची आतली घडीही बदलावी लागते. मायकेल पोर्टर शिकला एरोस्पेस इंजिनिअरिंग आणि वळला अर्थशास्त्राकडे. आपले सी. के. प्रल्हाद मद्रासला युनियन कार्बाइडच्या बॅटरी कारखान्यात नोकरी करून मग अहमदाबादच्या आयआयएमला गेले. बोर्डरूममधून उठून वर्गात आलेला यात एकही नाही.

बंद दाराआड काय बोललं गेलं ते आपल्याला कळत नाही, मान्य. पण निर्णय झाला की तो कागदावर उतरतो. शेअर बाजाराला कळवावा लागतो, वार्षिक अहवालात छापावा लागतो आणि शेवटी गेटवरच्या पाटीवर रंगवावा लागतो. संशोधक मागून येतो आणि माग काढतो. या माग काढण्याच्या कामात तू मुंबईच्या पोरांपेक्षा मागे आहेस असं मला मुळीच वाटत नाही.

तुझ्याच तालुक्याचं घे. चार मोठे सिमेंट कारखाने, आणि चारही कारखान्यांचे मालक बदललेले, तेही चार निरनिराळ्या वाटांनी. आवाळपूरचा कारखाना लार्सन अँड टुब्रोने १९८३ साली सुरू केला. अवजड यंत्रं आणि मोठमोठी बांधकामं करणारी कंपनी सिमेंटमध्ये का शिरली? आणि वीसेक वर्षांनी तोच चालता धंदा वेगळा काढून २००४ मध्ये बिर्लांच्या ग्रासिम कंपनीच्या हाती का दिला? अल्ट्राटेक हे नाव त्यातूनच आलं. गडचांदूरचं माणिकगड सेंच्युरी टेक्स्टाइल्सचं, म्हणजे मूळच्या कापड गिरणीवाल्यांचं. त्यांनी सिमेंटचा अख्खा विभाग २०१९ मध्ये अल्ट्राटेकला दिला. उपरवाहीचा कारखाना अंबुजाचा. अंबुजा २००६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या होल्सिमकडे गेली आणि २०२२ च्या सप्टेंबरात अदानी समूहाकडे. तिथे कारखाना विकला गेला नाही, गेले ते वरच्या कंपनीचे शेअर. आणि नारंड्याचा कारखाना उभारला नागपूरच्या मुरली इंडस्ट्रीजने. कागद आणि सोयाबीन तेलाच्या धंद्यातली ही कंपनी सिमेंटमध्ये उतरली, कर्जाखाली दबली, दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि २०२० मध्ये दालमियांनी ती घेतली.

धंदा वेगळा काढणं, विभाग दुसऱ्या कंपनीत मिळवणं, परदेशी मालकाने देशातून अंग काढून घेणं, दिवाळखोरीतून विक्री. कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीच्या अभ्यासक्रमात हे चार निरनिराळे धडे असतात. तुझ्याकडे ते मोटारसायकलने एका दुपारी फिरून येण्याइतक्या अंतरावर आहेत. सिमेंट कसं विकायचं, भाव काय ठेवायचा, हा एका धंद्याच्या डावपेचांचा प्रश्न झाला. आपण सिमेंटमध्ये असावंच का, आणि असलो तर ते आपल्या छताखाली का, दुसऱ्याच्या का नाही, हा प्रश्न कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीचा. घुग्घुसचा एसीसीचा कारखाना आणि उपरवाहीचा अंबुजाचा, दोन्ही आज एकाच समूहात आहेत. तरी गोणीवर नावं दोन. का? वर्गात हा एकच प्रश्न टाक आणि अर्धा तास गप्प बस. बी.कॉम.ची पोरं काय काय उत्तरं देतात ते लिहून ठेव.

आता भावाकडे वळू. मालक बदलल्यावर त्याचा ठेकेदार बदलला का? पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदललं का? गावातले ट्रकवाले, गॅरेजवाले, कँटीनला भाजी देणारे टिकले की नवे आले? कंपनी विकत घेण्यावर जगभर ढिगाने संशोधन झालंय. शेअरचा भाव किती चढला, वरचे अधिकारी किती गेले, यावर तर कपाटं भरतील. गेटच्या बाहेरच्या माणसाचं काय झालं यावर त्यामानाने फार थोडं. नागपूर किंवा अहमदाबादच्या प्राध्यापकाला ही माहिती काढायला माणसं नेमावी लागतील आणि तरीही ठेकेदार त्यांच्याशी बोलणार नाही. तुझ्याशी बोलेल, कारण तू अमक्याची बहीण.

तुमच्या वावराकडेही जरा या नजरेनं बघ. बाबा कपाशीच्या काही ओळींमागे तुरीचं एक तास, म्हणजे ओळ, घेतात, एक पीक बुडालं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. कंपनीने असंच दहा धंदे करावेत का? अमेरिकेतल्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात आकडेवारी मांडून सांगितलं, की एकमेकांशी संबंध नसलेले धंदे एकत्र बांधणाऱ्या कंपन्यांना शेअर बाजार कमी भाव देतो. तर्क साधा: भागधारकाला धोका वाटून घ्यायचा असेल तर तो स्वतःच दोन कंपन्यांचे शेअर घेईल, ते काम कंपनीने कशाला करायचं? बाबांना अर्धं वावर विकून तुरीचे शेअर घेता येत नाहीत, म्हणून त्यांना तास घालावंच लागतं. १९९७ मध्ये हार्वर्डच्या तरुण खन्ना आणि कृष्णा पलेपू यांनी मांडणी केली, की भारतासारख्या देशातले उद्योगसमूह थोडेसे असेच आहेत. भांडवल, कुशल माणसं, भरवशाचे करार बाहेरच्या बाजारात सहज मिळत नाहीत तिथे समूह ते घरात तयार करतो, म्हणून मिठापासून पोलादापर्यंतचा पसारा इथे चालतो. आज ती कमतरता उरली आहे का, यावर अजून वाद आहे, आणि तुझ्या पिढीच्या संशोधकांना त्यात बरंच काम आहे.

(पोलादाचा विषय निघालाच म्हणून सांगते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली हे सगळ्यांना माहीत असतं. पण पोलादाचा त्यांचा पहिला विचार तुझ्याच जुन्या चांदा जिल्ह्याचा होता. लोहाऱ्याचं खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा. कोळसा तपासणीत कामाचा निघाला नाही आणि बेत बारगळला. विदर्भात व्यवस्थापन शिकवणाऱ्या किती जणांनी ही गोष्ट वर्गात सांगितली असेल, देव जाणे.)

आता त्या रिकाम्या जागेविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी आहे याचा अर्थ या हिशोबात एक आकडा कमी आहे, एवढाच. त्या गाईडने कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीवर काही लिहिलंय का? गेल्या पाच वर्षांत कुठे छापून आलंय? त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे शिकवतात? हे तीन प्रश्न प्राचार्यांना विचार. उत्तर "सर खूप चांगले आहेत, त्रास देत नाहीत" असं आलं तर समजून घे.

गाईड सज्जन निघाला तरी साधनांचं काय? या विषयातलं बरंचसं संशोधन आकडेवारीवर उभं असतं. भारतीय कंपन्यांची वर्षानुवर्षांची माहिती प्रोव्हेस नावाच्या डेटाबेसमध्ये मिळते. त्याची वर्गणी मोठ्या संस्था भरतात, तालुक्याचं कॉलेज भरत नाही. शिवाय अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र, शिकावी लागते. मालक बदलला आणि नफा वाढला, पण मालक बदलल्यामुळेच वाढला का, हे वेगळं काढून दाखवणं हीच या धंद्यातली खरी मेहनत. एकटीनं रात्री आठनंतर, चार तास शिकवून आल्यावर, हे होत नाही. आयआयएममध्ये पीएचडीची पहिली दोन वर्षं सक्तीचे अभ्यासक्रमच असतात: सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थमिती, संघटनेचे सिद्धांत. मग मोठी परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा, मग प्रबंध. एकूण चार ते पाच वर्षं. बरोबर तेच सोसणारी पाचसहा पोरं असतात, ती निम्मं शिकवतात.

एक गोष्ट मात्र नीट वेगळी कर. तुला घराजवळ, अनुदानित कॉलेजात वाणिज्य शिकवायचं असेल तर माझा सल्ला उलटा होईल. तिथे पीएचडीच्या आधी नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा काढ. २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट-सेट हीच किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. पुढे गोंडवाना किंवा नागपूर विद्यापीठातून सवडीने पीएचडी केलीस तर बढतीला उपयोगी पडेल. ती वाट कमी प्रतीची नाही, फक्त ती स्ट्रॅटेजीच्या संशोधक-प्राध्यापकाकडे जात नाही. आणि तिथल्या कायम जागा कशा आणि केव्हा भरल्या जातात ते तासिका तत्त्वावरच्या बाईला मी काय सांगावं!

पैशाचा नियम मी कडक ठेवते: विद्यावेतन नसेल तर पूर्णवेळ पीएचडी करायची नाही. वावर गहाण टाकून तर नाहीच. आयआयएममध्ये पूर्णवेळ पीएचडीला दरमहा विद्यावेतन मिळतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. जेआरएफला वयाची अट ३० असली तरी महिलांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे घाईने आजच हरल्यासारखं वागायचं कारण नाही. शिवाय महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती येतात. तुला जी लागू असेल तिच्यावर डोळा ठेव.

परीक्षांचं वेळापत्रक असं. कॅटचे, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस. नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा, व्यवस्थापन हा विषय घे. आयआयएमचे पीएचडीचे अर्ज साधारण हिवाळ्यात मागवतात. बहुतेक ठिकाणी कॅट चालते, अनेक ठिकाणी जेआरएफही. अर्ज करताना नागपूरचं आयआयएम घराजवळ म्हणून पहिलं लिहिशील, लिही, पण त्याआधी प्रत्येक संस्थेच्या स्ट्रॅटेजी विभागातल्या प्राध्यापकांची यादी उघड आणि कोण काय लिहितंय ते वाच. विलीनीकरण, उद्योगसमूह, मालकी यांवर काम करणारी दोन माणसं तरी जिथे आहेत तिथेच अर्ज कर. एकच असेल तर नको. ते माणूस दुसऱ्या संस्थेत गेलं की विद्यार्थी लटकतो.

अर्जासोबत उद्देशपत्र मागतात. त्यात "मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे" हे वाक्य लिहिलंस तर मी इथून येऊन खोडीन. चार कारखाने, चार वाटा आणि ठेकेदारांचा प्रश्न, हे लिही. त्याआधी अंबुजाचा एक वार्षिक अहवाल डाउनलोड करून ठेव, फुकट मिळतो. सुरुवातीची रंगीत पानं सोड. मागच्या टिपांमध्ये "संबंधित पक्षांशी व्यवहार" असा भाग असतो, समूहातल्या कंपन्या एकमेकींना काय विकतात आणि काय घेतात ते तिथे सापडतं. उपकंपन्यांच्या यादीत एसीसी दिसेल, हिस्सा निम्म्याहून जेमतेम जास्त. ताबा ठेवायला एवढा पुरतो, मग उरलेल्या निम्म्या भागधारकांचं हित कोण बघतं? मुलाखतीत तुला यावर पाच मिनिटं बोलता आलं तर बोर्डरूमचं कोणी विचारणार नाही.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. त्याच अहवालातलं रोज एक पान वाच आणि अर्धं पान स्वतःच्या इंग्रजीत लिही. बोलणं पहिल्या वर्षात सुटतं. आकडेशास्त्राची भीती जास्त खरी आहे. स्वयम या सरकारी संकेतस्थळावर फुकट अभ्यासक्रम आहेत, आत्तापासून एक धर.

ही नोकरी शेवटी कशी असते तेही ऐक, कारण लोकांना वाटतं सूट घालून कंपन्यांना सल्ले द्यायचे. सल्ले येतात, पण उशिरा. चांगल्या संस्थेत शिकवण्याचे तास कमी आणि बाकी वेळ संशोधन. एक लेख लिहायला दोन वर्षं, परीक्षकांच्या फेऱ्यांत आणखी दोन, आणि शेवटी नकार. हे नेहमीचं आहे. "पैसे भरा, पंधरा दिवसांत छापतो" असे मेसेज तुलाही येत असतील. तिथे एकदा छापलंस की तो डाग बायोडाटावर राहतो, जाणकार निवड समिती लगेच ओळखते. वर्गात केस, म्हणजे एखाद्या कंपनीचा खराखुरा प्रसंग, शिकवायची म्हणजे ऐंशी पोरांना वाद घालायला लावायचं आणि स्वतः कमी बोलायचं. याला तासभर व्याख्यान देण्यापेक्षा जास्त तयारी लागते. पगार म्हणशील तर आयआयएममध्ये पहिल्या श्रेणीच्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून, विद्यापीठीय कॉलेजात ५७,७०० पासून. खाजगी संस्थांत जमीन-अस्मानाचा फरक, त्यावर विसंबू नये. आणि सुरू करणारे सगळे पूर्ण करत नाहीत, हेही माहीत असू दे.

बाबांना यातलं काय सांगायचं? सिद्धांत नको, आकडे सांग. फी नाही, दरमहा इतके रुपये येतील, राहायला वसतिगृह, वावरावर बोजा नाही. बहुतेक बाप तिथेच निम्मे नरमतात. लग्नाचं ठरवणारी तू, मी नाही. एवढं माहीत असू दे, की आयोगाच्या नियमांत पीएचडी करणाऱ्या महिलांना २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे आणि मुदतीत दोन वर्षांची जादा सवलतही. लग्न आणि पीएचडी यांतलं एकच निवड असं कोणी सांगितलं तर हा नियम पुढे कर. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म बाबांच्या समाधानासाठी भरायचा तर भर, पण अभ्यास दोन्हीचा होणार नाही. या वर्षी कॅट आणि नेट एवढंच. दोन्ही हुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. तेव्हाही जमलं नाही तर मला लिही, मग सेट आणि वाणिज्याच्या वाटेचं नव्याने बोलू.

आता लगेच करायची कामं. ओबीसीत येत असशील तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढून घे, राज्याचा नमुना नेटला आणि आयआयएमला चालत नाही. फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात तहसीलला गर्दी असते, म्हणून आधी जा. कॉलेजकडून आतापर्यंतचं अनुभव प्रमाणपत्र, नेमणुकीची पत्रं आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता झाली असेल तर तिची प्रत घेऊन ठेव. तासिकांचं मानधन थकलेलं असेल, नेहमीसारखं, तर त्याचा तगादा वेगळा लाव. प्रमाणपत्र त्याच्यात अडकू देऊ नकोस, ते आधी हातात घे.